पाण्यात पडलेला डिजिटल कॅमेरा: हौशी दुरुस्तीचा आढावा

पाण्यात पडलेला डिजिटल कॅमेरा पुन्हा चालू होतो का, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. पाणी कुठले होते, त्या वेळी बॅटरी आत होती का, नंतर किती वेळ गेला आणि ‘चालू झाला’ म्हणजे किती काळासाठी, या चार गोष्टींवर ते अवलंबून असते. सेवा केंद्रांत अशा कॅमेऱ्याला बहुधा संपूर्ण बोर्ड बदलण्याचा खर्च सांगितला जातो आणि जुन्या कॅमेऱ्याच्या बाबतीत तो खर्च कॅमेऱ्याच्या बाजारभावापेक्षा जास्त भरतो. त्यामुळे हे काम बऱ्याच अंशी हौशी दुरुस्तीकारांकडे आले आहे. त्यांच्या पद्धती, त्यांमागचे शास्त्र, त्यांच्यातील मतभेद आणि न सुटलेले प्रश्न यांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

पार्श्वभूमी

फिल्मच्या काळातील यांत्रिक कॅमेऱ्याची दुरुस्ती घड्याळजीच्या कामाच्या जवळची होती. कॅमेरा पूर्ण खोलायचा, दातेरी चाके आणि स्प्रिंगा पुसून कोरड्या करायच्या, जपून तेल द्यायचे आणि पुन्हा जुळवायचा. गंज हा मुख्य शत्रू होता आणि तो सावकाश चढत असे. १९७६ मध्ये कॅननचा एई-१ हा मायक्रोप्रोसेसर असलेला कॅमेरा बाजारात आला आणि चित्र बदलू लागले. बिघाड आता चाकांऐवजी सर्किटमध्ये शोधावा लागणार होता.

पाण्याशी झुंजण्याचा दुसरा मार्ग म्हणजे ते आत येऊच न देणे. बेल्जियन अभियंता झाँ द वूटर्स यांनी जॅक कुस्तो यांच्यासाठी १९६०च्या आसपास बनवलेला ‘कालिप्सो’ आणि त्यावरून १९६३ मध्ये निकॉनने आणलेला ‘निकोनोस’ हे या वाटेवरचे आरंभीचे प्रसिद्ध कॅमेरे. पुढे डिजिटल युगात ऑलिंपसच्या ‘टफ’ मालिकेसारखे जलरोधक कॉम्पॅक्ट कॅमेरे आणि गोप्रोसारखे ॲक्शन कॅमेरे आले.

डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केला. निकॉन डी१ (१९९९) नंतर डिजिटल एसएलआर व्यावसायिकांच्या हाती रुळला आणि २०००च्या दशकात कॉम्पॅक्ट कॅमेरा घरोघरी पोहोचला. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे पाठवले गेले. २०२० मध्ये हा आकडा एक कोटीच्याही खाली होता, कारण मधल्या काळात मोबाइलने ती जागा घेतली. या चढउताराचे दोन परिणाम दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. जुन्या कॅमेऱ्यांचा मोठा साठा कपाटांत आणि भंगारात पडून राहिला, म्हणजे सुटे भाग काढून घेण्यासाठी बंद कॅमेरे स्वस्तात मिळू लागले. त्याच वेळी उत्पादकांचा सुट्या भागांचा पुरवठा आटला. अलीकडे सीसीडी सेन्सरच्या जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांना तरुण वर्गात पुन्हा मागणी आल्याने त्यांचे भाव वधारले आहेत आणि एके काळी टाकून दिलेले भिजके कॅमेरे पुन्हा दुरुस्तीच्या टेबलावर येऊ लागले आहेत.

या हौसेला दुरुस्ती चळवळीचाही आधार मिळाला. वस्तू खोलण्याच्या सचित्र मार्गदर्शिका मोफत देणारी ‘आयफिक्सइट’ ही संस्था २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. ‘रिपेअर कॅफे’ची सुरुवात मार्टिन पोस्टमा यांनी २००९ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये केली आणि २०१५ मध्ये बंगळुरूमध्येही असा उपक्रम उभा राहिला. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही सुटे इलेक्ट्रॉनिक भाग आणि हत्यारे मिळण्याची ठिकाणे आहेत. मुंबईच्या फोर्ट भागातील बोरा बाजार कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी ओळखला जातो. भिजलेल्या उपकरणांचा प्रश्नही इथे नवा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ मध्ये चिपळूण पुराखाली गेले. पुराचे गढूळ पाणी, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरचे खारे पाणी आणि पावसाळ्यातली दमट हवा या तिन्ही परिस्थितींत बिघाडाचे रूप वेगवेगळे दिसते.

पाणी आत गेल्यावर काय होते

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार ती वाहून नेतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याची विद्युतवाहकता नळाच्या पाण्याच्या शंभरपटीच्या घरात असते. विहिरीचे, नळाचे आणि पोहण्याच्या तलावाचे पाणी या दोन टोकांच्या मध्ये येते. पुराच्या पाण्यात क्षारांच्या जोडीला चिखल आणि सांडपाणी असते. चहा आणि सोड्यासारखी पेये साखरेमुळे चिकट थर सोडतात.

नुकसान दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा विजेचा. कॅमेऱ्याची लिथियम-आयन बॅटरी ३.७ किंवा, दोन सेल असल्यास, ७.२ व्होल्टची असते. पाण्याचे विद्युत अपघटन सुमारे १.२३ व्होल्टपासून होऊ शकते. बोर्डावरच्या दोन टोकांत एवढा दाब असला आणि मध्ये क्षारयुक्त पाण्याचा पापुद्रा असला, की धनाग्रावरचे तांबे विरघळते, ऋणाग्राकडे सरकते आणि तिथे झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक धाग्यांच्या रूपात साचते. हा धागा समोरच्या टोकाला टेकला की शॉर्ट होतो. खाऱ्या पाण्यात आणि बॅटरी जोडलेली असताना हे काही मिनिटांतच सुरू होते. बोटांनी बटण दाबून ‘चालू होतोय का’ हे पाहणे सर्वांत घातक मानले जाते, ते यामुळेच.

दुसरा टप्पा क्षरणाचा. तो बॅटरी काढल्यावरही चालू राहतो. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. कॅमेऱ्यात १० मिलिलिटर समुद्राचे पाणी शिरले असेल, तर सुकल्यावर सुमारे एक तृतीयांश ग्रॅम मीठ आत उरते. साधे मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेपासूनच ओलावा धरते. मार्चमध्ये खाऱ्या पाण्यात पडलेला आणि वाळवून चालू झालेला कॅमेरा जूनमध्ये अचानक बंद पडतो, याचे स्पष्टीकरण इथे मिळते. तो कधी पुरता कोरडा झालेलाच नसतो.

बॅटरी काढली की कॅमेरा निर्धोक झाला, हा समजही अपुरा आहे. तारीख-वेळ लक्षात ठेवण्यासाठी बऱ्याच कॅमेऱ्यांत छोटा लिथियम सेल बोर्डाला कायम जोडलेला असतो. फ्लॅशच्या कंडेन्सरमध्ये तर ३०० व्होल्टच्या आसपास दाब अनेक दिवस टिकून राहू शकतो.

पहिल्या काही तासांचा वाद

बॅटरी आणि मेमरी कार्ड लगेच काढावे, कॅमेरा चालू करू नये, यावर सर्वांचे एकमत आहे. फोटो महत्त्वाचे असतील तर कार्ड डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, सुकवून वेगळ्या कार्ड रीडरमध्ये वाचावे, हेही सर्वमान्य आहे. कार्डाचे सर्किट प्लास्टिकमध्ये बंद असते आणि संपर्कपट्ट्यांना सोन्याचा मुलामा असतो, त्यामुळे कॅमेरा गेला तरी फोटो बहुधा वाचतात. २०१८ मध्ये तैवानच्या सुआव किनाऱ्यावर शाळकरी मुलांना एक कॅमेरा सापडला. तो २०१५ मध्ये जपानच्या इशिगाकी बेटाजवळ हरवलेला होता. जलरोधक आवरणावर शंखशिंपले चढले होते, पण आतला कॅमेरा सुरू झाला आणि त्यातील फोटोंवरून मूळ मालकापर्यंत पोहोचता आले. ते यश आवरणाचे होते. उघड्या कॅमेऱ्यासाठी त्यातून निष्कर्ष काढता येत नाही.

मतभेद सुरू होतात ते यापुढे. पहिला प्रश्न धुण्याचा. कॅमेरा खाऱ्या पाण्यात पडला असेल तर तो लगेच गोड्या, शक्यतो डिस्टिल्ड, पाण्यात बुडवून क्षार काढावेत, असा एक पक्ष आहे. भिजलेल्या वस्तूला आणखी भिजवण्यात गमावण्यासारखे काही उरलेले नसते आणि सुकलेले मीठ काढणे ओल्या मिठापेक्षा अवघड असते, हा त्याचा आधार. दुसरा पक्ष म्हणतो, की पाणी सहसा सगळीकडे पोहोचलेले नसते. बाहेरून बुडवल्याने लेन्सच्या भिंगांमधली, सेन्सरसमोरची आणि स्क्रीनच्या थरांमधली कोरडी जागाही भिजते. खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडालेल्या कॅमेऱ्यासाठी पहिले मत आणि थोडेसे गोडे पाणी उडालेल्या कॅमेऱ्यासाठी दुसरे मत जास्त ग्राह्य धरले जाते. मधल्या प्रसंगांत निर्णय अंदाजाने घेतला जातो.

दुसरा प्रश्न सुकवण्याचा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय सर्वांत लोकप्रिय आहे. साठवणीच्या तांदळात साधारण १३ ते १४ टक्के ओलावा असतो आणि तो ६५ ते ७० टक्के आर्द्रतेच्या हवेशी समतोलात असतो. म्हणजे तांदूळ हवेतला ओलावा ओढतो, पण मर्यादित आणि सावकाश. शिवाय त्याची पिठूळ धूळ फटींत शिरते. ॲपलने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना भिजलेला फोन तांदळात ठेवू नये, असा सल्ला दिला, त्यात दाण्यांच्या कणांनी नुकसान होण्याचे कारण सांगितले होते. सिलिका जेल दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतके पाणी धरू शकते आणि सुमारे ११० ते १२० अंश सेल्सिअसला तापवून पुन्हा वापरता येते, म्हणून ते सरस ठरते. तरीही बंद कॅमेऱ्याच्या आतले पाणी आधी वाफ होऊन बाहेर यावे लागते. बाहेरचा शोषक ही गती फारशी वाढवत नाही. त्यापेक्षा झाकणे उघडून पंख्याच्या साध्या वाऱ्यात ठेवणे जास्त उपयोगी, असे बरेच अनुभवी दुरुस्तीकार मानतात. हेअर ड्रायर टाळावा, कारण तो पाणी आणखी आत ढकलतो आणि प्लास्टिकचे भाग व भिंगांचा गोंद बिघडवतो.

निर्वात पेटीचा पर्याय काही जण वापरतात. हवेचा दाब नेहमीच्या सुमारे ४ टक्क्यांवर आणला की पाणी ३० अंशांनाच उकळते. फटींतले पाणी काढण्यात ही पद्धत खरोखर वेगवान आहे. तिची मर्यादा अशी, की पाणी जाते आणि क्षार राहतात. शिवाय बंद सेल किंवा स्क्रीन कमी दाबात फुगण्याचा धोका असतो.

उघडणे आणि धुणे

सुकवणे आणि दुरुस्ती या वेगळ्या गोष्टी आहेत, ही बाब गंभीर हौशींमध्ये आता जवळपास सर्वमान्य झाली आहे. आतली घाण काढायची तर कॅमेरा उघडावाच लागतो.

पहिली अडचण स्क्रूंची. जपानी कॅमेऱ्यांत बहुतेक स्क्रू जपानी जेआयएस मानकाचे असतात. ते दिसायला फिलिप्ससारखे असले तरी खाच थोडी वेगळी असते. फिलिप्सचा पेचकस घसरून डोके खाऊन टाकतो. वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू मूळ जागेच्या क्रमाने चिकटपट्टीवर लावून ठेवण्याची आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढण्याची सवय हे अनुभवी माणसाचे लक्षण मानले जाते. रिबन केबलच्या जोडणीवरची छोटी पट्टी नखाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने उचलावी लागते. धातूचा चिमटा वापरला की ती तुटते आणि सुटा भाग मिळत नाही.

फ्लॅशच्या कंडेन्सरमधला विद्युतभार उतरवणे ही सुरक्षेची पहिली पायरी. त्याची क्षमता १२० मायक्रोफॅरड आणि दाब ३०० व्होल्ट धरला तर साठलेली ऊर्जा ५.४ ज्यूल भरते. एवढा झटका भाजण्याला आणि हात झटकून काहीतरी मोडण्याला पुरेसा आहे. पेचकसाने टोके जोडून ‘फट्’ करण्याची पद्धत ठिणगीने बोर्ड जाळू शकते. विद्युतरोधक मुठीच्या तारांना २ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावून टोके काही सेकंद जोडली तर सुमारे सव्वा सेकंदात दाब जवळपास संपतो. नंतर मल्टिमीटरने खात्री करायची असते.

बोर्ड उघडल्यावर बिघाडाची खूण बहुतेक वेळा डोळ्यांनी दिसते. बॅटरीच्या खणाजवळ, केबलच्या जोडण्यांच्या टोकांवर आणि धनदाबाच्या वाटेवर निळसर-हिरवा तांब्याचा गंज किंवा पांढरा, भुकटीसारखा थर असतो. मोठ्या भिंगाखाली एखादी केसाएवढी वाट मधेच खाऊन नाहीशी झालेली दिसते. हे सारे धुण्यासाठी दोन द्रवांची चर्चा होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याच्या एक तृतीयांशाहून कमी असतो, म्हणून ते चिपखालच्या फटींत शिरते, पाण्यात मिसळते आणि लवकर उडून जाते. परंतु मीठ त्यात जवळजवळ विरघळत नाही. फक्त अल्कोहोलने धुतलेला समुद्राचा कॅमेरा स्वच्छ दिसतो, पण त्यातले क्षार जागेवरच असतात. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटर व मऊ ब्रशने क्षार काढायचे, मग ९९ टक्के अल्कोहोलने पाणी हटवायचे आणि शेवटी कोरड्या हवेत सुकवायचे, हा क्रम आज सर्वाधिक स्वीकारला जातो. अल्कोहोल सुमारे १२ अंशांपासून पेट घेऊ शकते, तेव्हा गरम सोल्डरिंग आयर्न जवळ नको. ॲक्रिलिकच्या भागांना त्याने तडे जाऊ शकतात, स्क्रीनच्या थरांनाही ते मानवत नाही.

अल्ट्रासॉनिक क्लीनरविषयी मतभेद कायम आहेत. साधारण ४० किलोहर्ट्झचे तरंग चिपखालची घाण सोडवतात, म्हणून मोबाइल दुरुस्तीत हे यंत्र रूढ आहे. विरोधकांचा आक्षेप असा, की कॅमेऱ्यात प्रतिमा स्थिर ठेवणारे सूक्ष्म जायरो आणि क्वार्ट्झ क्रिस्टल असतात. तेच कंपनावर चालत असल्याने बाहेरच्या तरंगांनी बिघडू शकतात. सरावलेले लोक बहुधा बोर्डापुरतेच यंत्र वापरतात. लेन्स, सेन्सर, शटर आणि जायरो असलेले भाग बाहेर ठेवतात.

विजेचा शोध आणि जोड

धुऊन झाल्यावर मल्टिमीटर हाती घेतला जातो. बोर्डावर ‘एफ’ अक्षराने दाखवलेले मोहरीएवढे फ्यूज आधी तपासतात. बॅटरी शॉर्ट होताना बहुतेकदा तेच जळून बाकी बोर्ड वाचवतात, आणि मग दुरुस्ती काही रुपयांत होते. फ्यूज शाबूत असेल तर दाबाच्या वाटा ग्राउंडशी शॉर्ट आहेत का, हे पाहिले जाते. खाऊन गेलेली वाट स्वच्छ खरवडून, तिथे फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ थर द्यायचा आणि ०.१ मिलिमीटरची मुलामा दिलेली तांब्याची तार डोळ्यांना भिंग लावून जोडायची, अशी ही कारागिरी असते. पहिल्यांदा वीज देताना मूळ बॅटरीऐवजी करंटची मर्यादा ठरवता येणारा पॉवर सप्लाय वापरतात. आत शॉर्ट उरला असेल तर तो करंट रोखून धरतो, बोर्ड जळत नाही.

पाण्यात गेलेली मूळ बॅटरी पुन्हा वापरू नये, याबाबत मतभेद नाहीत. तिच्या संरक्षक सर्किटमध्ये क्षार राहिले तर ती नंतर तापून पेटू शकते. ती ओल्या कचऱ्यात किंवा भंगारात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावी लागते.

अडचण येते ती आराखड्यांची. मोबाइलच्या बोर्डांचे नकाशे दुरुस्तीच्या बाजारात फिरतात. कॅमेऱ्यांच्या बाबतीत जुन्या सर्व्हिस मॅन्युअलखेरीज फारसे मिळत नाही. म्हणून हौशी मंडळी एकाच मॉडेलचे दोन-तीन बंद कॅमेरे गोळा करून एकाच्या बोर्डाशी दुसऱ्याची तुलना करतात. त्यांच्या बोलण्यात याला डोनर कॅमेरा म्हणतात.

काच, सेन्सर आणि बुरशी

बोर्ड वाचला तरी लेन्स वाचेलच असे नाही. भिंगांमध्ये शिरलेले पाणी सुकल्यावर डागांचे वर्तुळ सोडते आणि दमट वातावरणात काही आठवड्यांत बुरशीचे जाळे पसरते. बुरशीचे स्राव भिंगावरच्या लेपाला खाऊ शकतात. त्यानंतरची स्वच्छता जाळे काढते, झालेली खोबण भरून येत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाचे मिश्रण बुरशीवर चालते, असे मानणारे बरेच आहेत. लेपावर त्याचा दीर्घकालीन परिणाम काय, यावर शंका घेणारेही आहेत. ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणाऱ्या कोरड्या कपाटात कॅमेरा ठेवण्याला मात्र सर्वच पाठिंबा देतात.

सेन्सर काढणे हा आणखी नाजूक भाग. लेन्सच्या माउंटपासून सेन्सरचे अंतर ठरलेले असते, कॅननच्या ईएफ माउंटला ४४ मिलिमीटर आणि निकॉनच्या एफ माउंटला ४६.५ मिलिमीटर. हे अंतर जुळवण्यासाठी सेन्सरखाली पातळ पट्ट्या दिलेल्या असतात. त्या पूर्वीच्याच क्रमाने परत लागल्या नाहीत तर फोकस चुकतो किंवा फोटोची एक बाजू मऊ येते, आणि घरी त्याची मोजणी करणे कठीण असते. त्यामुळे ‘बोर्ड हौशीने, सेन्सर व्यावसायिकाने’ अशी विभागणी बरेच जण मान्य करतात.

जलरोधक कॅमेऱ्याच्या बाबतीत वेगळाच प्रश्न उद्भवतो. आयपीएक्स७ ही पातळी म्हणजे गोड्या पाण्यात १ मीटर खोल, ३० मिनिटे. आयपीएक्स८ त्याहून कडक असून तिच्या अटी उत्पादक ठरवतो. ओएम सिस्टीमच्या ओएम-१ सारख्या काही कॅमेऱ्यांना आयपी५३ अशी अधिकृत पातळी आहे, तर अनेक उत्पादक ‘हवामानरोधक’ एवढेच म्हणतात आणि त्या शब्दामागे समान मानक नाही. एकदा उघडलेल्या कॅमेऱ्याची रबरी वेढणी आणि चिकटपट्टी पूर्ववत बसली का, हे दाबाच्या चाचणीशिवाय कळत नाही. अशी चाचणी हौशींच्या आवाक्यात क्वचितच असते, म्हणून दुरुस्त झालेला जलरोधक कॅमेरा कोरड्या जागीच वापरावा, असा संकेत आहे.

सुटे भाग, खर्च आणि कायदा

दुरुस्तीच्या अर्थकारणावर तीन भूमिका आढळतात. पहिली उत्पादकांची. सेन्सरची जुळणी, विजेची सुरक्षा आणि बनावट भाग यांमुळे दुरुस्ती प्रशिक्षित हातांतच व्हावी, असे ते म्हणतात. पाण्याने झालेले नुकसान हमीत बहुधा बसत नाही. दुसरी भूमिका दुरुस्तीच्या हक्काच्या समर्थकांची. भाग, हत्यारे आणि माहिती खुली असली तर वस्तू जास्त टिकतील आणि ई-कचरा कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. तिसरी भूमिका स्वतंत्र हौशींची, ज्यांना वस्तू वाचवण्याइतकेच शिकण्यात रस असतो. त्यांच्यासाठी पैशाचा हिशेब दुय्यम असतो.

या वादातील काही घटना नोंदलेल्या आहेत. निकॉनने २०१२ मध्ये अमेरिकेत स्वतंत्र दुरुस्तीकारांना सुटे भाग विकणे बंद केले आणि तिथली अधिकृत दुरुस्ती केंद्रांची योजना मार्च २०२० मध्ये संपवली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२१ च्या अहवालात दुरुस्तीवरच्या निर्बंधांच्या समर्थनार्थ दिलेल्या कारणांना पुरेसा पुरावा नसल्याचे नमूद केले. कॅलिफोर्नियाचा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. १०० डॉलर किंवा अधिक किमतीच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी उत्पादन थांबल्यावर ७ वर्षे भाग आणि माहिती देणे त्याने बंधनकारक केले, पण तो १ जुलै २०२१ नंतर आलेल्या वस्तूंनाच लागू आहे. हौशी टेबलावरचे बहुतेक कॅमेरे त्याआधीचे असतात. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशात वॉशिंग मशीन, फ्रिज, मोबाइल यांची यादी आहे. तिच्यात कॅमेरे नाहीत.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे प्रथम निवडली गेली.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न पुराव्याचा आहे. कोणत्या पद्धतीने किती कॅमेरे वाचतात, याचा नियंत्रित अभ्यास हौशींच्या हाती नाही. हाती आहेत त्या वैयक्तिक हकिकती. वाचलेल्या कॅमेऱ्याची हकिकत सांगितली जाते, न वाचलेल्याची सहसा नाही. तांदळात ठेवलेला कॅमेरा तांदळामुळे वाचला की त्याच काळात आपोआप सुकल्यामुळे, हे वेगळे काढता येत नाही. तांदळाचा उपाय तर्काने कमकुवत असूनही टिकून आहे, त्याचे एक कारण हेच.

दुसरा प्रश्न यशाच्या व्याख्येचा. दोन दिवसांनी चालू झालेला आणि वर्षानंतरही चालणारा कॅमेरा, या दोन्हींना ‘दुरुस्त’ म्हटले जाते. क्षरण सावकाश होत असल्याने एका पावसाळ्यातून गेलेला कॅमेराच वाचला असे धरावे, असा निकष काही दुरुस्तीकार लावतात. तो सर्वमान्य झालेला नाही.

तिसरा प्रश्न विक्रीतील प्रामाणिकपणाचा. जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचे भाव वाढत असताना भिजून दुरुस्त झालेला कॅमेरा तसे न सांगता विकला जाऊ शकतो. बोर्डावर केलेली जोड बाहेरून दिसत नाही आणि खरेदीदाराकडे ती तपासण्याचे साधे साधन नाही. असा इतिहास सांगण्याचा कोणताही ठरलेला संकेत बाजारात रूढ नाही.

चौथा प्रश्न मर्यादेचा. अल्ट्रासॉनिक यंत्र, भिंगांची जोड उकलणे, सेन्सर हलवणे यांपैकी हौशीने कुठवर जावे, यावर एकमत नाही. फ्लॅशचा कंडेन्सर आणि लिथियमची बॅटरी यांच्याबाबत मात्र सर्व बाजू सावधगिरीचाच आग्रह धरतात.

एकूण पाहता, पद्धतींचा गाभा बऱ्यापैकी स्थिर झाला आहे: वीज तात्काळ तोडणे, क्षार पाण्याने काढणे, पाणी अल्कोहोलने हटवणे, मगच वीज देणे. गोड्या पाण्यात, बॅटरीशिवाय भिजलेल्या कॅमेऱ्याला बरी संधी असते. खाऱ्या पाण्यात चालू स्थितीत पडलेल्या कॅमेऱ्याचे फोटो वाचवणे हेच बहुधा वास्तव उद्दिष्ट ठरते, आणि त्याचे शाबूत भाग दुसऱ्या कॅमेऱ्याच्या उपयोगी पडतात.